इंजेक्शनच्या इंजिनचं ट्यूनिंग शिकताना: आधी मोजमाप, मग टेबल

ट्यूनिंग शिकायला बसलेला जवळपास प्रत्येक जण लॅपटॉप जोडला की थेट फ्युएल टेबल उघडतो. रंगीत चौकटी, त्यातले आकडे, रेस दिली की इकडून तिकडे पळणारा ठिपका. हात शिवशिवतातच. पण ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरला, जे दिसतंय ते खरं आहे का, हे तपासलेलं नसेल तर तुम्ही इंजिन ट्यून करत नसता, एखाद्या सेन्सरची चूक टेबलात लिहून ठेवत असता. पुढे तो सेन्सर बदलला की सगळं ट्यूनिंग कोलमडतं आणि का ते कळत नाही. म्हणून या लेखात टेबलाची पाळी उशिरा येते, आणि ते मुद्दाम आहे.

इथलं सगळं साध्या पेट्रोल इंजिनाबद्दल आहे: चार सिलिंडर, टर्बो नाही, इंजेक्टर इनटेक पोर्टमध्ये. शिकायला याहून चांगलं इंजिन नाही. टर्बो इंजिनावर पहिला धडा गिरवू नका. तिथे चूक झाली तर सावरायला वेळच मिळत नाही.

ईसीयू नेमकं काय करतो

प्रत्येक सिलिंडरच्या प्रत्येक चक्रात ईसीयू दोन गोष्टी ठरवतो: इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा आणि ठिणगी कधी टाकायची. बाकीचे सेन्सर, टेबलं, करेक्शन हे सगळं या दोन निर्णयांसाठी.

पेट्रोल किती टाकायचं हे हवा किती आत गेली यावर ठरतं. हवा थेट मोजणारा मास एअरफ्लो सेन्सर काही गाड्यांत असतो. दुसरा मार्ग म्हणजे इनटेक मॅनिफोल्डमधला (सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांमधला) दाब आणि हवेचं तापमान मोजून हिशोबानं हवा काढायची. याला स्पीड डेन्सिटी म्हणतात आणि शिकाऊ माणसाच्या हातात येणारे बहुतेक ईसीयू याच पद्धतीवर चालतात. कल्पना जुनीच आहे. १९६७ साली आलेली बॉशची डी-जेट्रॉनिक ही प्रणाली मॅनिफोल्डच्या दाबावरूनच पेट्रोल ठरवायची, तेही मायक्रोप्रोसेसर नसताना.

हिशोब एकदा स्वतः कागदावर करा. पुढचं निम्मं ट्यूनिंग त्यात आहे. समजा इंजिन १६०० सीसीचं आहे, म्हणजे एका सिलिंडरला ४०० सीसी. साधारण २० अंश तापमानाला एक लिटर हवेचं वजन १.२ ग्रॅम असतं, तेव्हा सिलिंडर पूर्ण भरला तर आत ०.४८ ग्रॅम हवा. पेट्रोल पूर्ण जळायला हवा आणि पेट्रोलचं वजनी प्रमाण १४.७ ला १ लागतं. ०.४८ भागिले १४.७ म्हणजे सुमारे ०.०३३ ग्रॅम पेट्रोल, आकारमानात सुमारे ०.०४४ सीसी. इंजेक्टर मिनिटाला २४० सीसीचा असेल तर तो एका मिलिसेकंदात ०.००४ सीसी सोडतो. म्हणजे तो ११ मिलिसेकंद उघडा हवा. ईसीयूच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘रिक्वायर्ड फ्युएल’ नावाचा जो आकडा दिसतो, तो हाच.

प्रत्यक्षात सिलिंडर क्वचितच पूर्ण भरतो. किती टक्के भरतो ते व्हीई, म्हणजे व्हॉल्युमेट्रिक एफिशियन्सी. फ्युएल टेबलातला प्रत्येक आकडा ही टक्केवारी असते: आडव्या अक्षावर आरपीएम, उभ्यावर मॅनिफोल्डचा दाब. आयडलिंगला दाब ३५ किलोपास्कल आणि व्हीई ५० धरलं, तर ११ मिलिसेकंदांचे उरतात जेमतेम १.९ (११ × ०.३५ × ०.५).

आता यात डेड टाइम मिळवा. करंट मिळाला की इंजेक्टरची सुई लगेच उचलत नाही आणि करंट तुटला की लगेच बसतही नाही. उघडायला लागणाऱ्या वेळेतून बंद व्हायचा वेळ वजा केला की जे उरतं तो डेड टाइम. १४ व्होल्टला तो साधारण एका मिलिसेकंदाच्या आसपास असतो. म्हणजे आयडलिंगच्या २.९ मिलिसेकंदांतला एक तृतीयांश वेळ पेट्रोल पडतच नाही! तुम्ही डेड टाइम ०.२ मिलिसेकंदानं चुकीचा भरला, तर आयडलिंगचं पेट्रोल दहा टक्क्यांनी चुकतं. फुल थ्रॉटलला तीच चूक दोन टक्क्यांच्याही आत राहते. आणि बॅटरीचा व्होल्टेज उतरला की डेड टाइम वाढतो. हेडलाइट लावले, रेडिएटरचा फॅन सुरू झाला आणि आयडलिंग डळमळायला लागलं, की नवखा माणूस व्हीई टेबल बदलतो. चूक तिथे नसतेच. इंजेक्टर बनवणाऱ्याच्या माहितीपत्रकातला व्होल्टेजप्रमाणे बदलणारा डेड टाइम शोधा आणि तोच भरा. माहितीपत्रक मिळत नसेल तर तो इंजेक्टर शिकण्यासाठी वापरू नका, इतकं हे महत्त्वाचं आहे.

इंजेक्टर पुरेसा मोठा आहे का, हेही याच कागदावर कळतं. ६००० आरपीएमला दोन फेऱ्यांचं एक चक्र २० मिलिसेकंदांत संपतं (१,२०,००० भागिले आरपीएम). फुल थ्रॉटलला मिश्रण थोडं रिच (पेट्रोल जास्त) ठेवून आणि डेड टाइम धरून आपला इंजेक्टर सुमारे १३.७ मिलिसेकंद उघडा राहील, म्हणजे ६८ टक्के. ८० ते ८५ टक्क्यांपर्यंत चालतं. त्यापुढे मोठा इंजेक्टर लागतो.

काय काय लागेल

मूळ कंपनीच्या ईसीयूत फेरफार करूनही ट्यूनिंग होतं, पण शिकण्यासाठी ते गैरसोयीचं आहे: शेकडो टेबलं, एकमेकांत गुंतलेली. मेगास्क्वर्ट, स्पीडुइनो, रसईएफआय यांसारखे स्वतंत्र ईसीयू घ्या. त्यांची कागदपत्रं सगळ्यांसाठी खुली आहेत, आणि ट्यूनरस्टुडिओसारख्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक आकडा कुठून आला ते दिसतं.

वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर आणि त्याचा कंट्रोलर हवाच. गाडीत मुळात असलेला नॅरोबँड सेन्सर फक्त एवढंच सांगतो की मिश्रण १४.७ च्या अलीकडे आहे की पलीकडे, ०.४५ व्होल्टच्या आसपास तो या टोकावरून त्या टोकाला उडी मारतो. किती रिच आणि किती लीन (पेट्रोल कमी) हे त्याला सांगता येत नाही. वाइडबँड सांगतो. बॉशचा एलएसयू ४.९ हा सर्रास वापरला जाणारा सेन्सर आहे. तो एक्झॉस्टमध्ये टोक खाली आणि वायरची बाजू आडव्या रेषेपासून किमान दहा अंश वर राहील असा बसवा, म्हणजे पाणी त्यात साठत नाही. इंजिन चालू असताना सेन्सरचा हीटर बंद ठेवू नका; काजळी बसून सेन्सर मरतो.

रीडिंग लॅम्डामध्ये वाचायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. लॅम्डा म्हणजे मोजलेलं हवा-इंधन प्रमाण भागिले त्या इंधनाला लागणारं नेमकं प्रमाण; १ पेक्षा कमी म्हणजे रिच, जास्त म्हणजे लीन. १४.७ हा आकडा शुद्ध पेट्रोलचा आहे. त्यात दहा टक्के इथेनॉल असेल तर तो सुमारे १४.१ होतो, नुसत्या इथेनॉलला ९. लॅम्डा १ चा अर्थ मात्र प्रत्येक इंधनाला एकच: हवा बरोबर पुरेशी.

याशिवाय टायमिंग लाइट, फ्युएल प्रेशर गेज, कॉम्प्रेशन गेज आणि हाताशी अग्निशामक. बंद जागेत इंजिन चालवायचं असेल तर धूर बाहेर नेण्याची पक्की सोय हवी. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. गाडी रस्त्यावर चालवणार असाल तर प्रदूषणाचे नियम, वॉरंटी आणि विमा यांवर ईसीयू बदलण्याचा काय परिणाम होतो, हे खरेदीच्या आधी पाहा.

इंजिन धडधाकट आहे का

कॉम्प्रेशन चारही सिलिंडरांत जवळपास सारखं, प्लग चांगले, फ्युएल प्रेशर ठरलेलं (पुष्कळ इंजिनांत इंजेक्टरच्या दोन बाजूंमधला फरक ३ बार असतो), इनटेकमध्ये कुठूनही हवा ओढत नाही. यातलं एकही नसेल तर लॅपटॉप मिटून पाना उचला. आजारी इंजिन ट्यूनिंगनं बरं होत नाही.

चावी लावा, इंजिन चालू करू नका

ही पायरी सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित. इंजिन रात्रभर थंड झालेलं असताना फक्त चावी ऑन करा आणि स्क्रीन वाचा.

मॅनिफोल्डचा दाब मोजणाऱ्या मॅप सेन्सरनं त्या जागेचा हवेचा दाब दाखवला पाहिजे: समुद्रसपाटीला १०१ किलोपास्कलच्या आसपास, हजार मीटर उंचीवर सुमारे ९०. कूलंटचं आणि हवेचं तापमान एकमेकांशी आणि खोलीच्या थर्मामीटरशी जुळलं पाहिजे. एक २७ आणि दुसरा ४१ दाखवत असेल तर सॉफ्टवेअरमध्ये सेन्सरची निवड चुकली आहे. हे किरकोळ नाही: हवेच्या तापमानात दर तीन अंशांना घनता सुमारे एक टक्क्यानं बदलते, म्हणजे चौदा अंशांच्या चुकीला पेट्रोल जवळपास पाच टक्के चुकलं. पेडल सावकाश पूर्ण दाबा. थ्रॉटल सेन्सर शून्यापासून शंभरपर्यंत कुठेही न अडखळता गेला पाहिजे.

मग टायमिंग. सॉफ्टवेअरमध्ये ठिणगी एका आकड्यावर, समजा १० अंशांवर (पिस्टन वर पोहोचण्याआधी क्रँकचे १० अंश), कायम करायची सोय असते. ती वापरा, इंजिन चालू करा आणि क्रँक पुलीवर टायमिंग लाइट मारा. पुलीवरही १० च दिसले पाहिजेत. नसतील तर ट्रिगरचा कोन दुरुस्त करा. त्यानंतर रेस ३००० पर्यंत नेऊन पुन्हा बघा. खूण जागची हलता कामा नये. रेसबरोबर सरकत असेल तर क्रँक सेन्सरच्या वायरी उलट्या आहेत का ते आधी तपासा. चुंबकीय सेन्सरमध्ये हा दोष नेहमी सापडतो. हे न करता पुढे गेलात तर स्क्रीनवर २८ दिसतील आणि इंजिनात ३८ असतील. पिस्टनला स्क्रीन दिसत नसते.

आता टेबल

सुरुवातीचं टेबल तुमच्यासारख्याच इंजिनाचं मिळालं तर घ्या, टायमिंग कमी आणि मिश्रण थोडं रिच ठेवा. इंजिन पूर्ण गरम होऊ द्या. लॅम्डा बघून पेट्रोल आपोआप कमी-जास्त करणारं करेक्शन बंद करा, अॅक्सिलरेशन एनरिचमेंटही (पेडल झटकन दाबल्यावरचं जादा पेट्रोल) तात्पुरतं बंद. नाहीतर तुम्ही एक आकडा बदलाल आणि ईसीयू मागच्या दारानं दुसरा.

लक्ष्य आधी ठरवा. शांतपणे एकसारखं चालवताना लॅम्डा १. फुल थ्रॉटलला बिनटर्बो इंजिनाला ०.८५ ते ०.९०, कारण थोड्या रिच मिश्रणाला ताकद जास्त मिळते आणि इंजिन थंड राहतं. मधल्या दाबांना हळूहळू एकातून दुसऱ्याकडे.

दुरुस्तीचं सूत्र एका ओळीचं आहे: नवा व्हीई = जुना व्हीई × मोजलेला लॅम्डा ÷ हवा असलेला लॅम्डा. २५०० आरपीएम आणि ५० किलोपास्कलच्या चौकटीत ६२ लिहिलंय, लॅम्डा ०.९४ येतोय, हवाय १. मग ६२ × ०.९४ = ५८.३. तेवढंच लिहा आणि पुन्हा मोजा. फुल थ्रॉटलला ८४ आहे, येतोय ०.९१, हवाय ०.८७: ८७.९ लिहा.

अवघड आहे ते मोजणं. ठिपका चौकटीच्या मध्यावर स्थिर असला पाहिजे, कारण कडेला असेल तर ईसीयू शेजारच्या चौकटींची सरासरी घेतो आणि तुम्ही दुरुस्ती एकाच चौकटीत करता. शिवाय धूर सेन्सरपर्यंत पोहोचायला वेळ लागतो. आयडलिंगला हा उशीर सहज जाणवतो. स्क्रीनवरचा लॅम्डा आत्ताचा नसतो, थोड्या वेळापूर्वीचा असतो. म्हणून दोन-तीन सेकंद एकाच जागी थांबा, मग आकडा घ्या. इंजिनवर हवा तेवढा भार रोखून धरणारा डायनो मिळाला तर यासारखं सुख नाही. नसेल तर बंद ट्रॅकवर, एक जण चालवणार आणि दुसरा लॉग (सेन्सरांच्या आकड्यांची नोंद) घेणार. चालवणाऱ्यानं लॅपटॉपकडे पाहायचं नाही, हा नियम मोडू नका.

लॉग नंतर बसून वाचायचा. पेडल सोडल्यावर ईसीयू पेट्रोल बंद करतो, तेव्हा लॅम्डा एकदम लीन दिसतो. ते सगळे भाग वगळा. इंजिन थंड असतानाचे वगळा. पेडल झटक्यात दाबल्यानंतरचा क्षणही वगळा. जे उरेल त्यावरच विश्वास ठेवायचा. सॉफ्टवेअरमधलं ऑटोट्यून हेच काम वेगानं करतं आणि ते वाईट नाही, पण काय वगळायचं हे तुम्हाला कळत नसेल तर त्यालाही कळत नाही. निदान पहिलं टेबल हातानं करा.

टेबल भरत आलं की त्रिमितीत बघा. हवेचा प्रवाह अचानक उड्या मारत नाही, त्यामुळे टेबलाचा पृष्ठभागही साधारण गुळगुळीत दिसला पाहिजे. मध्येच एखादी चौकट सुळक्यासारखी वर आली असेल तर ते इंजिन नाही, तो चुकलेला लॉग आहे.

वाइडबँड खोटं बोलतो तेव्हा

या एका गोष्टीनं नवख्या माणसांचे महिने खाल्ले आहेत, म्हणून इथे थांबू या.

वाइडबँड पेट्रोल मोजत नाही. तो मुख्यतः धुरात उरलेला ऑक्सिजन बघतो आणि त्यावरून लॅम्डा सांगतो. आता एका सिलिंडरनं मिस मारली. त्यातलं पेट्रोल जळलं नाही, तसा ऑक्सिजनही वापरला गेला नाही. तो सगळा एक्झॉस्टमध्ये आला. सेन्सर म्हणतो, लीन. तुम्ही पेट्रोल वाढवता. प्लग आणखी ओला होतो, मिस वाढते, आकडा आणखी लीन होतो. तुम्ही आणखी पेट्रोल घालता. इंजिन खोकतंय, सायलेन्सरमधून काळा धूर आणि कच्च्या पेट्रोलचा वास येतोय, आणि स्क्रीनवर १.१५. अशा वेळी नाकावर विश्वास ठेवा, स्क्रीनवर नाही. डोळे चुरचुरत असतील तर पेट्रोल कमी करून बघा. आकडा लीनकडून लक्ष्याकडे येताना दिसेल.

एक्झॉस्टची गळतीही हेच करते. जॉइंटमधून आत ओढली गेलेली बाहेरची हवा सेन्सरला लीन मिश्रणासारखीच दिसते, विशेषतः आयडलिंगला. सेन्सर टेलपाइपच्या अगदी तोंडाशी असेल तरी तेच. म्हणून एखादा भाग संशयास्पद लीन दिसला तर पेट्रोल वाढवण्याआधी तीन प्रश्न: मिस मारतंय का, एक्झॉस्ट गळतंय का, इनटेक कुठून हवा ओढतंय का.

ठिणगी

पेट्रोलचं टेबल मार्गी लागल्याशिवाय टायमिंगला हात लावू नका. इथे लॅम्डासारखा बरोबर-चूक सांगणारा मीटर नाही. ज्वाला सिलिंडरभर पसरायला वेळ घेते, म्हणून ठिणगी पिस्टन वर पोहोचण्याआधी टाकायची. सर्वाधिक दाब पिस्टन वरून सुमारे १५ अंश खाली आल्यावर आला तर सर्वाधिक टॉर्क मिळतो. कमी भाराला सिलिंडरमध्ये मिश्रण कमी भरतं, सावकाश जळतं, म्हणून तिथे अॅडव्हान्स (ठिणगी किती अंश आधी टाकायची ते) जास्त, ३५-४० अंशांपर्यंतही. फुल थ्रॉटलला, विशेषतः टॉर्क सर्वाधिक असतो त्या आरपीएमला, बराच कमी.

पद्धत: डायनोवर एक बिंदू धरा, कमी अॅडव्हान्सपासून दोन-दोन अंशांनी वर या, टॉर्क बघा. वाढ थांबली की तुम्हीही थांबा आणि दोन अंश मागे या. शिखराजवळ टॉर्कचा आलेख सपाट असतो. चार-पाच अंश मागे राहिलं तरी जेमतेम एक-दोन टक्के जातात. त्या दोन टक्क्यांसाठी पिस्टन पणाला लावू नका. नॉकिंग (ज्वाला पोहोचण्याआधीच उरलेलं मिश्रण आपोआप पेटणं) झालं तर टॉर्क वाढत असला तरी तिथेच थांबायचं. ८० मिलिमीटर बोअरच्या इंजिनाचं नॉकिंग सुमारे ७ किलोहर्ट्झला वाजतं, आणि फुल थ्रॉटलच्या आवाजात ते नुसत्या कानाला बहुतेक वेळा ऐकू येत नाही. ब्लॉकला सेन्सर लावून हेडफोननं ऐकण्याची साधी साधनं मिळतात, घ्या. डायनो नसेल तर फुल थ्रॉटलचं टायमिंग कमीच ठेवून गाडी वापरा, त्यात काही बिघडत नाही.

शेवटी पिकअप आणि थंडीतला स्टार्ट

पेडल झटकन दाबलं की मॅनिफोल्डचा दाब वाढतो आणि काही पेट्रोल पोर्टच्या भिंतींना चिकटून राहतं. तेवढ्यापुरतं जास्त पेट्रोल लागतं. अॅक्सिलरेशन एनरिचमेंट आता चालू करा. दाबल्याबरोबर गाडी अडखळली आणि लॉगमध्ये लीन दिसलं तर वाढवा, गुदमरली आणि रिच दिसलं तर कमी करा. व्हीई टेबल नीट असेल तर हे पटकन जमतं. जमत नसेल तर मागे जाऊन टेबल तपासा.

थंड इंजिनाचं काम मात्र घाईनं होत नाही. क्रँकिंगचं पेट्रोल, स्टार्ट झाल्यावरचं काही सेकंदांचं जादा पेट्रोल आणि कूलंट तापेपर्यंतचं वॉर्मअप एनरिचमेंट, असे तीन वेगवेगळे आकडे असतात, आणि एकदा इंजिन गरम झालं की पुढचा प्रयत्न दुसऱ्या सकाळी. म्हणून सकाळी एका वेळी यातला एकच आकडा बदला. कूलंटचं तापमान, इंजिन पकडायला किती फेऱ्या लागल्या आणि नंतरचा लॅम्डा वहीत लिहा, फाइल तारखेच्या नावानं सेव्ह करा. वॉर्मअपची टक्केवारी इंजिन पूर्ण तापल्यावर बरोबर १०० वर आली पाहिजे, नाहीतर ती कायमची टेबलात मिसळते. ज्या तापमानांना तुमच्याकडे अजून सकाळ झालेलीच नाही, ते रकाने शेजारच्या आकड्यांच्या अंदाजानं किंचित रिच ठेवून द्या, आणि ऋतू बदलला की लॅपटॉप घेऊन पुन्हा बसा.